पावसाळी बॅच घेताय? ब्रॉयलरचे पाय पहिल्या पंधरवड्यातच सांभाळा

पावसाळ्यात शेडमध्ये ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांत, लंगडे पक्षी दिसू लागले की आपण लगेच पाण्यातून कॅल्शियम सोडतो. बऱ्याचदा तोवर उशीर झालेला असतो, कारण दुखण्याचे मूळ पक्ष्याच्या वाणातच असते.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ सालचे वाण एकाच खाद्यावर वाढवून पाहिले. ५६व्या दिवशी १९५७च्या पक्ष्याचे वजन भरले ९०५ ग्रॅम, २००५च्या पक्ष्याचे ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच होते, म्हणजे हा सगळा फरक आनुवंशिकतेचा. मांस भराभर चढते, पण हाडाला टणक व्हायला वेळ लागतोच.

मेलेल्या लंगड्या पक्ष्याची नडगी गुडघ्याच्या बाजूने उभी चिरून बघा. वरच्या टोकाला पांढरा, रबरासारखा गोळा दिसला, तर ती हाडात न बदललेली कूर्चा (मऊ, लवचीक हाड) आहे. हा दोष बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. म्हणूनच पैदास करणारे पायांचे क्ष-किरण काढून असे पक्षी वगळतात आणि पिढ्यागणिक तो कमी होतो. मात्र हाडाची ताकद एका जनुकावर ठरत नाही, अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. नरांत त्रास जास्त, कारण त्यांचे वजन लवकर चढते.

पिल्लू आपल्याला घडवता येत नाही, पण त्याच्या वाढीची सुरुवातीची धाव आवरता येते. पहिल्या आठवड्यानंतर रात्री सलग चार ते सहा तास अंधार ठेवा. वजन थोडे मागे पडेल, पण ते पुढे बरेचसे भरून येते, वाकडा झालेला पाय मात्र सरळ होत नाही. माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय हाच.

खाद्यात कॅल्शियम आणि उपलब्ध (पक्ष्याच्या अंगी लागणारा) फॉस्फरस साधारण दोनास एक हवे. वरून मनाने कॅल्शियम ओतले तर फॉस्फरस अंगी लागत नाही आणि हाड उलट मऊ राहते. ताज्या नडगीची परीक्षा सोपी आहे: वाकवल्यावर कट्कन मोडली तर ठीक, नुसती वाकली तर जीवनसत्त्व डी-३ आणि फॉस्फरस तपासा. दमट हवेत बुरशी लागलेले खाद्य अजिबात घालू नका, बुरशीची काही विषे थेट हाडाच्या वाढीवर घाव घालतात.

शेडमध्ये खाली अंथरलेले तूस मुठीत दाबा. गोळा तसाच राहिला तर ते ओले आहे. ओला थर काढा, पाणी पिण्याच्या निपलची गळती बंद करा.

रोज सकाळी शेडमधून सावकाश चाला. जो पक्षी उठत नाही किंवा पंख टेकवून सरकतो, त्याला लगेच वेगळे करा, पाणी आणि खाद्य त्याच्या चोचीजवळ ठेवा. तो दोन दिवसांतही उभा राहिला नाही, तर पशुवैद्यकाला विचारून त्याचा त्रास संपवा. तहानेने झुरत राहू देऊ नका.