घरगुती मसाल्यांचा उद्योग: पहिली पावले

ठाण्यात घरगुती मसाल्यांचा उद्योग सुरू करायचा असल्यास प्रथम एफएसएसएआय (केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोंदणी करावी. मग यंत्राच्या खरेदीत न पडता वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या मसाला बाजारातून थोडाच माल आणावा, तो डंकावर कुटून घ्यावा आणि सोसायटीतील घरांना पूर्ण किमतीत विकून पाहावा. फुकट मिळालेल्या मसाल्याची स्तुती सगळेच करतात, पण दुसऱ्यांदा पैसे मोजून नेणारा तोच खरा ग्राहक. किमतीत कुटणावळ, पाकिटे आणि (हे हमखास विसरले जाते) स्वतःची मजुरी धरावी. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सरकारी संकेतस्थळावर निःशुल्क होते, मध्यस्थ नको. मागणी टिकल्यावरच मुद्रा योजनेच्या शिशु गटातील ५०,००० रुपयांपर्यंतच्या विनातारण कर्जासाठी बँकेत अर्ज करावा.