सकाळी ट्रक सुरू होत नव्हता: दोष बॅटरीचा नव्हता, हवेचा होता

वाळपईला रात्रभर चढावर उभा केलेला जुना डिझेल ट्रक सकाळी सात-आठदा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होईना. दिवसभर मात्र झटक्यात. नवी बॅटरी, फिल्टर, सेल्फची दुरुस्ती: पैसे पाण्यात. थंडीला दोष द्यावा, तर गोव्यात थंडी ती केवढी!

खूण एकच: सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही. म्हणजे डिझेल पोचतच नव्हतं. एका सकाळी आधी हँड प्रायमर (डिझेल हाताने पुढे ढकलायचा छोटा पंप) तीसेक वेळा दाबला. पहिल्याच सेल्फला सुरू. मग टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) लाइन तपासली. बाहेरून कोरडी, कारण तिथे डिझेल गळण्याऐवजी हवा आत ओढली जाते, आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतं. बँजो बोल्टचे (लाइन जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही तांब्याचे वॉशर बदलले. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा बाहेर सोडायचा) सैल केला, बुडबुडे थांबेपर्यंत प्रायमर मारला, डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळला. मग इंजिनला दाबाने डिझेल देणाऱ्या इंजेक्शन पंपावरचाही तसाच.

आता प्रायमरला हात लावावा लागत नाही.