युवा शिबिरात अनुभवाधारित शिक्षण कसे घ्यावे

शिबिरात खेळ घेतले, श्रमदान केले, की अनुभवातून शिक्षण झाले, असे मानणाऱ्या आयोजकांची नागपुरात वाण नाही. शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तीही नुसत्या सूतकताईसाठी नव्हती. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या अनुभवाधारित शिक्षणाच्या चक्रातही अनुभव हा चारांपैकी एकच टप्पा आहे. त्यावर विचार करणे, त्यातून सूत्र काढणे आणि ते वापरून पाहणे हे उरलेले तीन.

अनुभवासाठी खर्चिक साहित्य लागत नाही. उन्हे चढण्याआधी चार-चार जणांचे गट कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात न्यावेत आणि शिबिराच्या जेवणाची भाजी आणण्यासाठी प्रत्येक गटाला थोडे अपुरेच पैसे द्यावेत. भाव करताना मार्गदर्शकाने मध्ये पडू नये.

परतल्यावरची चर्चा मात्र हाताला लवकर बसत नाही. ती त्याच दिवशी, गोलात बसून घ्यावी आणि बाजारात जेवढा वेळ गेला तेवढा तिच्यासाठी राखावा. जेवणाची घाई आहे म्हणून ती दहा मिनिटांत उरकणार असाल, तर बाजाराचा खटाटोप न केलेला बरा. ‘काय शिकलात?’ हा प्रश्न सुरुवातीला विचारूच नये, कारण त्यावर ‘टीमवर्क’ हे ठरलेले उत्तर येते; आपल्याला काय ऐकायचे आहे, हे मुलांना पक्के ठाऊक असते. आधी नुसते घडलेले विचारावे: पैसे कोणाच्या हातात होते, पहिला भाव कोणी विचारला, पिशव्या कोणी उचलल्या? ‘भाव मुलांनी केला, आम्ही पिशव्या धरल्या,’ असे एखादी मुलगी सहज बोलून जाते. अशा वेळी तिला कोंडीत न पकडता सगळ्या गटाला विचारावे, की ही वाटणी ठरली कशी, आणि मग गप्प बसावे. ही शांतता सहन न होऊन मार्गदर्शक समानतेवर भाषण सुरू करतो आणि चर्चा तिथेच आटोपते. घरची परिस्थिती चारचौघांत उघडी पडेल असे प्रश्न टाळावेत, आणि ज्याला बोलायचे नाही त्याला बोलते करण्याचा हट्ट धरू नये.

त्यानंतर प्रत्येकाने पुढच्या वेळी काय वेगळे करणार, हे एका वाक्यात लिहावे.

दुसऱ्या दिवशी त्याच गटांनी, कामांची अदलाबदल करून, पुन्हा खरेदीला जावे. पैसे तेवढेच द्यावेत. रक्कम वाढवली, तर फरक पैशांमुळे पडला की वागण्यामुळे, हे मुलांना ठरवता येत नाही.