शटर जड झालंय? स्प्रिंगवाल्याला फोन करायच्या आधी हे करून बघा

पावसाळा उतरला की नाशिकात सिडको असो नाहीतर पंचवटी, बंगल्याच्या पार्किंगचं शटर असो नाहीतर खालच्या गाळ्याचं, रड एकच, शटर जड झालंय, उचलायला दोघं लागतात. आणि लगेच निकाल, स्प्रिंग गेली. जातेही स्प्रिंग, नाही असं नाही, पण आधी दोन्ही बाजूच्या गाईड चॅनलमधून (शटर ज्या उभ्या खाचांत सरकतं त्या) बोट फिरवून बघा, जे काळं चिकट बोटाला लागेल ना, बहुतेक वेळा तेच शटर अडवून धरतं. दरवर्षी ग्रीस थापायचं, त्यावर रस्त्याची धूळ बसायची, परत वरून ग्रीस. थंडीत हा लगदा अजून घट्ट होतो, आणि नाशिकची जानेवारीतली सकाळ काय असते ते वेगळं सांगायला नको.

तर साफसफाई. शटर पूर्ण वर करा म्हणजे चॅनल मोकळं मिळतं. मात्र वर केल्यावर आपोआप खाली येणारं शटर असेल तर इथेच थांबा, ते काम मिस्त्रीचं. मोकळ्या चॅनलमधला लगदा जुन्या स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढा, मग डिझेल लावलेलं फडकं वरपासून खालपर्यंत फिरवा (विडी-सिगारेट लांब ठेवा, सांगायला लागू नये पण सांगतो), आणि शेवटी कोरड्या कपड्याने पुसून घ्या. चॅनलच्या अगदी खालच्या टोकाला माती, पानं, गुटख्याच्या पुड्या काय वाट्टेल ते अडकलेलं असतं, तिथे जरा जास्त वेळ द्या. नंतर सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात, बास. ग्रीस नको. गंज सोडवायचा जो स्प्रे सगळ्यांच्या घरी असतो तो जाम झालेलं सोडवतो खरं, पण फार दिवस टिकत नाही, त्यामुळे तो मारला म्हणजे ऑइलिंग झालं असं समजू नका. आता शटर खाली घेऊन पट्ट्यांच्या जोडांवर आतल्या बाजूने हलकासा स्प्रे मारा, चार-पाच वेळा वर-खाली करा आणि ओघळ पुसून टाका, नाहीतर त्यावर परत धूळ आहेच.

मग स्प्रिंगची परीक्षा. हाताने ढकलायचं शटर असेल तर कमरेएवढं उचला आणि हात जवळ ठेवून हळूच सोडा, खाली पोरंटोरं, गाडी, मांजर काही नको. जागेवर थांबलं किंवा अगदी थोडं सरकलं तर स्प्रिंग ठीक. धाडकन खाली आलं तर ढिली पडलीय किंवा तुटलीय, सुसाट वर गेलं तर ताण जास्त झालाय. दोन्हीत मिस्त्री बोलवायचा. वरच्या पाईपवर ही स्प्रिंग घड्याळाच्या चावीसारखी पिळून बसवलेली असते, शटर खाली असतं तेव्हा तिच्यात सगळ्यात जास्त ताण असतो आणि शटर पूर्ण वर असलं तरी ताण थोडा उरतोच. त्यामुळे व्हिडिओ बघून ब्रॅकेटचे बोल्ट उघडायला जाऊ नका. हात मोडतो, कधी त्याहून वाईट होतं. मिस्त्री आला की सगळ्या स्प्रिंगा एकदम बघून घ्यायला सांगा, एक नवी आणि बाकीच्या थकलेल्या असं झालं तर शटर तिरकं चालायला लागतं.

शटर एका बाजूला घासत असेल, चर्र आवाज येत असेल, तर पट्ट्यांच्या टोकाच्या क्लिपा बघा. त्या निघाल्या की पट्टी बाजूला सरकते आणि चॅनलला खाते. खालच्या अँगलला गंज धरला असेल तर पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साईड (गंज रोखणारा प्राइमर) आणि वर रंग. उन्हाळ्यातच उरकून टाका, जूनमध्ये तो वाळतच नाही.

गोदाकाठी दुकान असेल तर गोष्ट वेगळी. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर आठवा, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी किती लागलं यावरून सराफ बाजारातले लोक सामान हलवतात. पाणी ओसरल्यावर शटर लगेच जोर लावून उचलू नका. चॅनलमधला गाळ ओला असतानाच पाण्याच्या पाइपने धुवून काढा, वाळला की दगड होतो. मोटरचं शटर असेल आणि मोटर किंवा कंट्रोल बॉक्स भिजला असेल तर इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय स्विच दाबायचा नाही.

मोटरवाल्यांनी एरवीही साफसफाईच्या आधी एमसीबी पाडायचा, म्हणजे मोटरची लाइट बंद. लाइट गेल्यावर हाताने उघडायची साखळी चालते का ते महिन्यातून एकदा बघा, नेमकी गरज पडते तेव्हाच ती अडकलेली असते. शटर जमिनीला टेकल्यावरही मोटर ओढत राहिली तर लिमिट सेटिंग, म्हणजे मोटर कुठे थांबायची ते ठरवणारं सेटिंग, बिघडलंय. गंगापूर रोडकडच्या काही बंगल्यांत छताखाली सरकणारे ओव्हरहेड दरवाजे असतात, त्यांना खाली सेन्सर असेल तर दरवाजा बंद होताना मध्ये खोका सरकवा, दरवाजा परत वर गेला पाहिजे. अमेरिकेत १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती ऑटोमॅटिक ओपनरला अशी जादा सुरक्षा कायद्यानेच लागते, आपल्याकडे विकत घेताना आपणच विचारून घ्यायचं. सेन्सरची काच धुळीने माखली की दरवाजा उगाचच उलटा फिरतो, ओल्या कपड्याने पुसली की पुष्कळदा काम होतं.

राहिलं कुलूप. त्यात खोबरेल नाहीतर मशीनचं तेल ओतायची आपल्याकडे फार सवय, त्याने आत चिखल होतो. ग्रॅफाइट पावडर मारा, नसेल तर पेन्सिलीचं शिसं बारीक कुटून चावीला लावा आणि चावी दोन-चार वेळा आत-बाहेर करा.