पावसाळी तास: आदल्या संध्याकाळची तयारी

अतिवृष्टीची सुट्टी जाहीर झाली की ग्रुपवर ‘उद्या तास ऑनलाइन’ असा निरोप येतो आणि तयारीला एक संध्याकाळ उरते. तेव्हा आधी मोबाइल आणि पॉवर बँक चार्जिंगला लावा, आमच्या खाडीकाठी वारा सुटला की लाइट जातेच. बसायला माजघर बरं. पत्र्याच्या पडवीत पाऊस वाजायला लागला की तुमचंच बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही.

मग धडा. समजा सातवीची भरती-ओहोटी आहे. स्लाइडा रंगवत बसू नका, रात्रीच मुलांना कामं वाटा. जेटीजवळच्यांनी घरच्या मोठ्यांना विचारायचं: काल आणि परवा दुपारचं पाणी किती वाजता भरलं, जेटीच्या किती पायऱ्या बुडाल्या? सड्यावरच्या, म्हणजे वरच्या पठारावरच्या वाडीतल्यांनी कॅलेंडरातली तिथी बघून ठेवायची. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, हे आपण सांगायचंच नाही. दोन्ही दिवसांच्या वेळा शेजारी शेजारी लिहा, कुणीतरी ओरडतंच. बुडालेल्या पायऱ्यांपुढे तिथी मांडली की अमावास्या-पौर्णिमेचं उधाण (मोठी भरती) आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची (लहान) भरती यांवर वाद सुरू होतो. मला तो हवाच असतो.

वही वरून दिसायला स्टँड कशाला? पत्र्याचे दोन उंच डबे, त्यावर लाकडी पट्टी, पुढच्या टोकाला रबरबँडने मोबाइल आणि मागच्या टोकावर वरवंटा. माझा वरवंटा एकदा घरंगळला आणि चंद्रासकट पृथ्वी जमिनीवर आली, म्हणून आता खाली फडक्याची घडी घालते.

प्रश्न चार-पाचच काढा. उत्तर चॅटमध्ये लिहायचं, पण मी ‘सोडा’ म्हणेपर्यंत पाठवायचं नाही, म्हणजे हुशार मुलांची नक्कल होत नाही. आवाज उशिरा पोचतो, तेव्हा प्रश्न विचारून मनात दहा मोजा.

झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटंच मिळतात. मी ३० चाच आराखडा करते, उरलेली हजेरीत आणि ‘मॅडम, आवाज येत नाय’ मध्ये जातात. डेटा कमी असलेल्यांना कॅमेरा बंद ठेवायला आधीच सांगा.

रेंज गेलेल्यांसाठी आकृतीचा फोटो आणि दोन मिनिटांचा आवाजातला निरोप तासाआधीच तयार ठेवा. अख्खं रेकॉर्डिंग डाउनलोड करायला रेंजसाठी सड्यावर चढून पोरांनी पावसात का भिजायचं?