चाप नेमका कुठे अडतो?

चाप हलका करून घ्यायला कारागिराकडे दिलेलं माझं स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर परत आलं, तेव्हा काडतुसं न भरता, रिकाम्यावर अगदी अलगद चालत होतं. रेंजवर मात्र सहातली दोन काडतुसं पेटलीच नाहीत. (अशा वेळी नळी निशाण्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं, काडतूस उशिरा पेटू शकतं.) तीच काडतुसं घोडा (काडतुसावर फटका मारणारा मागचा भाग) अंगठ्याने मागे ओढून झाडली, तर दोन्ही उडाली.

इथेच दुखणं कळलं. नुसता चाप ओढला की घोडा थोडा कमी मागे जातो, त्यामुळे फटकाही कमी बसतो. मुख्य स्प्रिंग अशक्त झाली तर ते आधी तिथेच दिसतं. मुठीच्या पुढच्या बाजूला, खालच्या टोकाशी पानासारख्या स्प्रिंगवर दाब देणारा स्क्रू असतो. माझा दीड आटा सैल होता. चाप हलका करायची ही आळशी युक्ती! तो स्क्रू तळापर्यंत घट्टच हवा. घट्ट करूनही काडतुसं चुकत असतील, तर स्क्रूचं टोक किंवा स्प्रिंग घासलेली आहे, नवीन बसवा.

चाप जड लागत असेल तर आधी सिलिंडरमधली काडतुसांची सगळी घरं डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग सिलिंडर बाजूला उघडून, तो उघडायचं बटण मागे ओढून धरा आणि चाप सावकाश ओढा. बटण न धरता घोडा हलत नाही. तरीही जड वाटलं तर दोष आतल्या यंत्रात. हलका झाला तर दोष सिलिंडरकडे, आणि त्याचा कारागिराशी बहुतेकदा काही संबंध नसतो: चांदणीखाली (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चकतीखाली) अडकलेले बारुदाचे कण, सैल झालेला किंवा वाकलेला इजेक्टर रॉड, म्हणजे त्या चांदणीचा दांडा. प्रत्येक फेरीत ठरावीक घराशीच जड होत असेल तर मी आधी रॉडवरच संशय घेतो.

चाप पुढे परतताना रेंगाळतो? मग परतीची स्प्रिंग गरजेपेक्षा मऊ बसवली आहे, किंवा आत घट्ट वंगण थापलं आहे. आणि बाजूच्या झाकणाचे स्क्रू आपापल्याच भोकात आहेत ना, तेही बघा. पुढचा स्क्रू सिलिंडरचा हात, म्हणजे ज्यावर सिलिंडर बाहेर उघडतो तो भाग, धरून ठेवतो. अदलाबदल झाली तर सिलिंडर उघडताना अडतो किंवा सैल राहतो.

शेवटची चाचणी रिकाम्यावरच. घोडा चढवा, चापाला हात न लावता घोड्याला मागून अंगठ्याने बऱ्यापैकी ढकला. तो पडला तर त्या रिव्हॉल्व्हरात काडतूस भरायचं नाही. कानस स्वतः हातात घेऊ नका. जुन्या बनावटीच्या भागांवरचा कठीण थर पातळ असतो, तो गेला की नवा भागच लागतो. कारागिराकडे परत नेताना ‘चाप बरोबर नाही’ एवढंच सांगू नका. ‘चौथ्या घराला, ओढ संपत येताना अडतो’ असं चिठ्ठीवर लिहून द्या.