शाळेच्या वेबसाइटचा मेनू

पालक शाळेत फोन करून काय विचारतात ते आधी लिहून काढा: प्रवेश, फी, सुट्ट्या, निकाल. मेनूत तेच शब्द, तेही सहा-सातच. ‘आमच्याविषयी’ शेवटी, मुख्याध्यापकांचं मनोगत वाचायला सहसा कुणी येत नाही.

मोबाइलवर प्रत्येक बटण ४८ पिक्सेल उंच ठेवा, नाहीतर बोट शेजारच्या लिंकवर पडतं. मेनू उघडणाऱ्या तीन आडव्या रेघांजवळ ‘मेनू’ असं लिहाच. लाइन-हाइट, म्हणजे अक्षरांच्या आकाराच्या किती पट ओळीची उंची, १.६ च्या आसपास हवी. इंग्रजी थीमची (वेबसाइटच्या तयार साच्याची) १.२ तशीच राहिली तर बटणात वेलांट्या कापल्या जाऊ शकतात आणि ‘फी’ची ‘फा’ होते.

मग एखाद्या पालकाच्या हाती फोन देऊन ‘दिवाळीची सुट्टी कधीपासून?’ एवढंच विचारा. मदत करू नका. बोट आधी जिथे गेलं, तिथे ‘सुट्ट्या’ची लिंक हलवा.